हिरव्या पट्ट्यांची गादी

घटस्थापनेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई सुनेला पुढं घालून चाँदपाशाच्या दुकानाची पायरी चढली, आणि तिला बघताच चाँदपाशा मशीनच्या आड सरकला. वास्तविक घाबरावं असं त्या बाईत काहीच नव्हतं. चाळिशीची, हाडकुळी, बोलायला मऊ. फक्त एक हात कायम कमरेवर. तो कमरेवरचा हात दिसला की गेली सहा वर्षं चाँदपाशाचं असंच व्हायचं.

"चाचा, मशीन बंद करा जरा," भिवराबाई म्हणाली. "इचारायचंय."

चाँदपाशानं बटण दाबलं. कापूस पिंजायच्या मशीनची घरघर थांबली आणि हवेत उडालेला कापूस सावकाश खाली बसायला लागला. उमापुरात त्याचं गादीचं दुकान होतं. आज्यानं आणि बापानं खांद्यावर पिंजण टाकून, गावोगाव हिंडून गाद्या भरल्या. चाँदपाशानं मशीन आणलं आणि बसून खायला लागला, असं त्याची बायको हुरमतबी म्हणायची. वय चौसष्ट. दाढी मुळातच पांढरी, तिच्यात दिवसभराच्या कापसाची भर, त्यामुळं संध्याकाळी नमाजला जाताना तो होता त्याहून दहा वर्षं म्हातारा दिसायचा आणि लोक त्याला तेवढाच जास्त मान द्यायचे.

"ही करिष्मा," भिवराबाई सुनेला खाली बसवत म्हणाली, जशी काही चाँदपाशानं तिला कधी बघितलीच नव्हती. तिच्या लग्नातल्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या. "हिच्या पोटात दुखायलंय. दोन महिने झाले, अंगावरून जातंय. तालुक्याला खाजगी दवाखान्यात दावलं. डाक्टर म्हणला, गाठ हाय, पिशवी काढून टाका, न्हाईतर पुढं कॅन्सर हुईन. आन् आमचा बंकट मुकादम म्हणतोय, काढायची आसंल तर आत्ताच काढा. दिवाळी झाली की टोळी निघती. तिकडं ऊसाच्या फडात दुखणं निघालं तर काम बसून राहतंय."

पिशवी म्हणजे गर्भाशय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांमध्ये तो दुखण्याचा विषय राहिलेला नाही, हंगामाच्या तयारीचा झालाय. कोयता घासून ठेवावा, पालाचं कापड बघून ठेवावं, तसं.

"तुमच्या देवाला इचारा," भिवराबाई म्हणाली. "माझ्या टायमाला तुमीच इचारलतं. हिरवं दिसलं म्हणलात, म्हून म्या धीर केला. तवा काढली म्हून तर आज जिती हाय, न्हाईतर कवाच माती झाली आसती माझी. आता हिचं बगा. हिरवं दिसलं तर काढू, लाल दिसलं तर न्हाई. गहिनीनाथ बी म्हणला, चाचा सांगतील तसं."

गहिनीनाथ म्हणजे तिचा लेक, करिष्माचा नवरा. म्हणजे सासूचं ठरलं होतं, नवऱ्याचं ठरलं होतं, डॉक्टरचं आणि मुकादमाचं तर कधीच ठरलं होतं. करिष्मा बावीस वर्षांची. ती मान खाली घालून बसली होती आणि जमिनीवर पडलेला कापूस उचलून, मांडीवर हातानं वळून वाती करत होती. नवरात्रातली बाई, बोटांना सवयच. आपल्याविषयी बोलणं चाललंय असं तिच्या तोंडावर कुठं दिसत नव्हतं.

"बघतो," चाँदपाशा तिच्याकडं न बघता म्हणाला. "तीन रोजानं या."

दोघी गेल्या. जमिनीवर सहा-सात वाती ओळीनं पडून राहिल्या. त्या गोळा करून पुन्हा कापसात टाकायचं त्याच्या हातून काही झालं नाही.

आता हे 'विचारणं' काय होतं ते सांगायला पाहिजे. मुसलमानात इस्तिखारा म्हणून एक रीत आहे. एखाद्या कामात मन खालीवर व्हायला लागलं, लग्न करावं की नाही, गाव सोडावं की नाही, तर माणसानं दोन रकात जादा नमाज पढायची आणि अल्लाहकडं सल्ला मागायचा. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण लोकांनी त्याला शेपूट जोडलं. रात्री नमाज पढून झोपायचं, स्वप्नात हिरवं किंवा पांढरं दिसलं तर होकार, लाल किंवा काळं दिसलं तर नकार. चाँदपाशाला त्याच्या बापानं असंच शिकवलं होतं. पुढं लोकांनी आणखी एक सोय काढली: आपण कशाला रात्र खराब करा, एखाद्या नमाजी माणसालाच झोपायला सांगावं.

चाँदपाशाचं नाव झालं ते विठ्ठलरावांच्या ट्रॅक्टरमुळं. विठ्ठलराव गावातले मोठे बागायतदार, ते जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाले होते. सहज, गंमत म्हणून त्यांनी गादी भरून घेताना विचारलं, "काय पाशाभाई, तुमचं खाब काय म्हणतंय?" चाँदपाशाला त्या रात्री काळा धूर दिसला. ट्रॅक्टर राहिला, आणि महिन्याभरानं तो चोरीचा निघून दुसऱ्याच्या दारातून पोलिसांनी ओढून नेला. मग काय! पाहुणे पसंत आहेत का, पोराला बीडला शिकायला ठेवावं का, शेळी विकावी का, सगळं चाँदपाशाच्या उशाशी येऊन पडायला लागलं. एकानं तर मोबाइल कुठल्या कंपनीचा घ्यावा तेही विचारलं. चाँदपाशा पैसा घ्यायचा नाही. शेंगा, गूळ, हरभऱ्याची डहाळी घरी यायची, तेवढी हुरमतबी ठेवून घ्यायची. आणि खरं सांगायचं तर चाँदपाशाला ते आवडायचं. गादीवाल्याला गादीचं विचारतात, त्याला आख्ख्या गावाचं विचारायला लागले होते.

भिवराबाईचा प्रश्न आला त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दुकानात चाळीस गाद्यांचं काम होतं. एका वसतिगृहाची ऑर्डर होती. सगळं कापड एकाच जातीचं: गडद हिरवं, त्यावर बोटभर रुंदीचे पांढरे पट्टे. पंधरा दिवस चाँदपाशा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तेच कापड मापत होता, कापत होता, शिवत होता. जेवताना ताटात हिरवे पट्टे दिसायचे. अशात भिवराबाई आली, चौतीस वर्षांची, आणि हाच प्रश्न विचारून गेली. त्यानं दोन रात्री नमाज पढून झोप घेतली, काहीही दिसलं नाही. तिसऱ्या रात्री हिरवं दिसलं. लांबच्या लांब हिरवं, आणि त्यावर पांढरे पट्टे.

जाग आली तेव्हाच त्याला कळलं होतं. हा अल्लाहचा इशारा नाही, हे वसतिगृहाचं कापड आहे. अंथरुणात बसून तो स्वतःशीच हसलासुद्धा होता. पण सकाळी भिवराबाई दारात उभी राहिली, आठ दिवसांनी टोळी निघायची होती, तिचे डोळे त्याच्या तोंडाकडं लागलेले, बाजूला दोन गिऱ्हाइकं बसलेली. आणि चाँदपाशा म्हणाला, "हिरवं दिसलं."

पट्ट्यांचं त्यानं सांगितलं नाही.

भिवराबाईची पिशवी गेली. त्यानंतर तिची कंबर गेली, झोप गेली, अंगातून सारख्या गरम वाफा यायला लागल्या. ऊसाची मोळी डोक्यावर घेणारी बाई घागर उचलताना भिंतीला धरायला लागली. चाँदपाशानं उरलेल्या हिरव्या कापडाची एक चांगली जाड गादी भरून तिला फुकट दिली. ती गादी तिनं डोक्याला लावून घेतली. "तुमाला दिसलं तेच हिरवं," म्हणाली. त्या दिवशी चाँदपाशा जेवला नाही.

तर आता तिची सून आली होती.

त्या दिवशी दुपारी त्यानं हुरमतबीला सगळं सांगून टाकलं. दोघांची घरची बोली दखनी, पण मी आपली मराठीतच सांगतो. हुरमतबी तांदूळ निवडत होती. सहा वर्षांपूर्वीचं ऐकून तिचा सुपातला हात थांबला. मग म्हणाली, "मंग आता त्यात काय एवढं? सांगा लाल दिसलं म्हणून. पोरगी वाचंल."

"न दिसता?"

"तवा दिसलं होतं का?" हुरमतबी कडाडली. "तवा खोटं बोलून एका बाईचं वाटोळं केलंत. आता खोटं बोलून एकीचं भलं करा. फिटंफाट होऊन जाईल."

बाईचं बोलणं चुकीचं म्हणायची सोय नव्हती. चाँदपाशाच्या मनातही तेच येत होतं. एक शब्द, लाल. त्याला काहीही खर्च नव्हता. तरी तो त्या रात्री नमाज पढून झोपला, म्हटलं, बघू तर काय दिसतंय. काही दिसलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. सरळ, गाढ, पिंजलेल्या कापसासारखी झोप. सकाळी उठून तो अल्लाहवर थोडा रुसलासुद्धा. एवढं सगळं जग रंगवलंस, मला चिमूटभर लाल दाखवायला काय झालं होतं?

त्याच दिवशी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर तो मशिदीत मागं रेंगाळला. हाफिज मुजम्मिल, मशिदीचा इमाम, नळाखालचं शेवाळ ब्रशनं घासत होता. माजलगावचा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा, अंगानं काटकुळा.

"हाफिजसाब," चाँदपाशानं विचारलं, "एका माणसानं दुसऱ्यासाठी इस्तिखारा केला, आन् खाब सांगताना अर्धंच सांगितलं, तर?"

हाफिजनं ब्रश खाली ठेवला. हा 'एक माणूस' कोण ते उमापुरात लहान लेकरालाही कळलं असतं. "चाचा, ज्याचं काम त्यानंच इस्तिखारा करावा, हे चांगलं. आन् खाब पडलंच पाहिजे आसं कुठं हाय? आधी चौकशी करायची, जाणत्या माणसाला इचारायचं, मनाशी ठरवायचं. मंग म्हणायचं, या अल्लाह, ह्यात माझं भलं आसंल तर सोपं कर, नसंल तर मला त्याच्यापासून फिरव. आन् कामाला लागायचं. तो रंग दाखवून चिठ्ठी पाठवीत न्हाई."

"पण होतं ते त्याच्याच मर्जीनं ना?" चाँदपाशा घाईनं म्हणाला. सहा वर्षं तो याच एका खुंटीला लटकून होता. "त्या बाईच्या नशिबात लिहिलेलंच आसंल, तर मी सांगितलं काय आन् न सांगितलं काय."

"काय लिहिलंय ते तुमी बोलायच्या आधी वाचलतं का?"

"न्हाई."

"मंग कुणाच्या मर्जीनं बोललात? त्याला सगळं ठाऊक आसतं म्हणून तो तुमची जीभ धरून वळवतो, आसं होत न्हाई. वळवायचं तुमच्या हातात दिलंय. हिसाब तेवढ्याचाच होतो."

चाँदपाशाला राग आला. कालचं पोर! पण निघता निघता त्यानं विचारलंच, "आन् कुणाच्या भल्यासाठी खोटं बोललं तर?"

"भलं करायचं तर आपल्या नावावर करा, चाचा," हाफिज पुन्हा ब्रश घेत म्हणाला. "त्याच्या नावावर कावून?"

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन ओसरीवर आल्यावर, चाँदपाशानं हातपाय-तोंड धुऊन वजू केलं आणि दोन रकात नमाज पढली. या वेळी करिष्मासाठी नाही, स्वतःसाठी. आयुष्यात शेकडो लोकांसाठी त्यानं सल्ला मागितला असेल, स्वतःसाठी ही पहिलीच वेळ. दुआ मागताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काही विचारायचंच नाहीये. काय बोलायला पाहिजे ते त्याला आजच काय, सहा वर्षांपूर्वी अंथरुणात उठून बसल्यापासून माहीत होतं. 'लाल' म्हणून सांगितलं तर करिष्मा वाचेलही, पण सासू जशी त्याच्या हिरव्यावर जगली तशी ही त्याच्या लालवर जगेल. आणि खरं सांगितलं, आणि तरीही त्यांनी त्या पोरीला दवाखान्यात नेली, तर? तेवढीच गोष्ट त्यानं मागितली: मला बोलता येऊ दे, आणि त्या पोरीचं भलं तू बघ.

दहा वाजता दोघी आल्या. हुरमतबी आतल्या दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याकडं बघून तिनं तोंड हलवलं, आवाज न करता. लाल.

चाँदपाशानं फळीवरून कापडाचा एक तुकडा काढला आणि भिवराबाईपुढं टाकला. गडद हिरवा, पांढरे पट्टे.

"हे ओळखतीस?"

"ही तर माझ्या गादीची खोळ," ती हसली. "ह्याचं काय?"

"मला खाबात हेच दिसलतं, भिवराबाई. तवा, तुझ्या टायमाला. ह्या पट्ट्यांसकट. पंधरा रोज मी हे कापड शिवत होतो, तेच दिसलं. देवानं मला काई दाखवलं न्हवतं. मला ठाऊक होतं. तरी म्या तुला हिरवं म्हणून सांगितलं."

भिवराबाईला लगेच समजलं नाही. तिनं कापडाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "मंग कावून सांगितलंत?"

"तू दारात उभी होतीस. लोक बसलते. मला म्हाईत न्हाई, आसं म्हणायची लाज वाटली."

एवढंच होतं. सहा वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट बाहेर आल्यावर इतकी लहान निघाली की चाँदपाशाला स्वतःचीच किळस आली.

भिवराबाईनं तो तुकडा हातात घेतला. एका पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "म्हंजी देव काई बोललाच न्हवता."

"न्हाई."

"कंबर मोडायला लागली की म्या म्हणायचे, दुखू दे, देवानंच दावलं होतं. त्याच्या मनात आसंल काईतरी." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "गहिनीनाथचा बाप शिव्या द्यायचा, कामाची न्हाई राहिली म्हणायचा. तवा बी म्या म्हणायचे, देवाची मर्जी. तुमची मर्जी व्हती व्हय ती?"

चाँदपाशानं मान खाली घातली.

"आन् आता?" तिनं विचारलं. "हिचं काय दिसलं?"

आतल्या दारात बांगड्या वाजल्या.

"काईच न्हाई. हिरवं न्हाई, लाल न्हाई. आन् इथून पुढं म्या कुणाचंच बघणार न्हाई." हुरमतबीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज त्याला ऐकू आला. "आता सांगतो ते माझं हाय, देवाचं न्हाई. चुकलं तर शिव्या मला द्या. बीडला सरकारी दवाखान्यात बाई डाक्टरला दावा. सगळ्या तपासण्या करू द्या. एकानं सांगितलं म्हणून पोटातली चीज काढून टाकू नका. आन् ह्या पोरीला इचारा. तीन रोज झाले, समद्यांना इचारलं, तिला कुणी इचारलं न्हाई. म्या बी न्हाई इचारलं."

करिष्मा पुन्हा कापसाच्या वाती वळत होती. तिचे हात थांबले. दुकानातले तिघंही आपल्याकडं बघताहेत हे कळल्यावर तिनं आधी पदर सारखा केला.

"मला न्हाई काढायची," ती म्हणाली.

भिवराबाई तिच्याकडं वळली.

"मला भ्या वाटतंय, आत्याबाई. तुमचं बघून. तुमी पहाटं उठून भिताडाला टेकून बसता, म्या बघते. चूल पेटवताना बी तुमच्या डोळ्यात पानी आसतं." एवढं बोलल्यावर तिला थांबता येईना. "दुसऱ्या डाक्टरनं बी काढाच म्हणलं, तर काढंन. मरायची हौस न्हाई मला. पण मुकादमाची गाडी निघायची म्हून न्हाई काढणार."

भिवराबाई उठली. उठताना नेहमीसारखा हात कमरेवर गेला, आणि तो हात तिनं असा ओढून घेतला जसा चटका बसावा. हिरवा तुकडा तिनं खाली टाकला नाही, मुठीतच राहिला. "चल," ती सुनेला म्हणाली. चाँदपाशाला रामराम न करता ती पायरी उतरली. उमापुरात तिनं त्याला रामराम न करण्याची ती पहिली वेळ.

हुरमतबी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "पोरगीला पिशवी काढायला नेली आसंल तर खून तुमच्या मानेवर." त्यानं तोंडातला घास गिळला. मोटरसायकल घ्यावी का म्हणून एक जण आला होता, त्याला त्यानं हात जोडून परत पाठवलं. गावात बोलणं झालं, पिंजाऱ्याची विद्या गेली म्हणे. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. चाँदपाशा मशीन चालू करून बसायचा आणि भिवराबाईच्या आळीतून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा. विचारायची हिंमत होत नव्हती. पाच वेळच्या नमाजात तो आता एकच मागत होता, आणि मागून झाल्यावर कुठल्या रंगाची वाट बघत नव्हता. हे त्याला अवघड गेलं.

दिवाळी झाली. टोळ्या निघाल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं भरून. बंकट मुकादमाची टोळीही गेली. त्यानंतर दोन दिवसांनी चाँदपाशा कापूस तोलत असताना दुकानात सावली पडली. करिष्मा होती. तिच्या डोक्यावर गुंडाळलेली गादी, हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची, सहा वर्षांत मळून चपटी झालेली. मागून भिवराबाई आली.

करिष्मानं गादी जमिनीवर टाकली. ती चालत आली होती, ओझं उचलून आली होती, आणि तोंडावर थोडी तकाकी होती. चाँदपाशा हातातला तराजू खाली ठेवायचं विसरला.

"बीडला दावलं," करिष्माच बोलली. "सोनोग्राफी केली, आणखी काय काय तपासलं. गाठ न्हाई निघाली. सूज हाय म्हणल्या बाई, आन् रक्त कमी हाय. गोळ्या दिल्यात. तीन महिन्यानं परत बोलवलंय. म्या औंदा फडावर जात न्हाई म्हणलं. ह्ये त्यांच्या चुलत भावाबरुबर गेले."

"अल्लाह तेरा शुकर," आतून हुरमतबी मोठ्यानं म्हणाली आणि चहा टाकायला पळाली.

भिवराबाई भिंतीला टेकून बसली होती. चाँदपाशा तिच्यापुढं जमिनीवर बसला. "भिवराबाई, माझी चूक..."

"माझ्या टायमाला बी बीडला बाई डाक्टर आसंलच की न्हाई, चाचा?"

"आसंल."

"दावलं आसतं तर माझी बी सूजच निघाली आसती का?"

"म्हाईत न्हाई," चाँदपाशा म्हणाला. हे शब्द आता त्याला बोलता येत होते. "कदाचित. मला माफ कर, माय."

तिनं करिष्माकडं बघितलं. करिष्मा हुरमतबीच्या हातातून कपबशा घेत होती. "माफीचं म्या अजून ठरवलं न्हाई," भिवराबाई म्हणाली. "वाटलं तर करीन. न्हाई वाटलं तर न्हाई. ते बी मीच ठरवीन."

"तुझा हक हाय."

"कापूस चांगला हाय ह्यातला," तिनं पायानं गादी ढकलली. "उसवा, पिंजा, परत भरा. फकस्त ही खोळ नको. तिच्यावर झोप लागंना आता."

चाँदपाशानं कात्री घेतली आणि गादीची कडेची शिवण उसवली. स्वतःच्याच हातचे टाके, बारीक आणि घट्ट. आतला कापूस दबून दगड झाला होता. "खोळ कुठल्या रंगाची घालू?" त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा प्रश्न त्यानं तिला तेव्हा विचारलाच नव्हता.

भिवराबाई भिंतीला धरून उठली. फळीपाशी गेली. एकेका ताग्यावर हात फिरवला, निळ्यावर, बदामी फुलांच्यावर, खाकीवर. मग खालच्या फळीवरचा एक तागा ओढून तिनं त्याच्या पुढ्यात टाकला. धुळीनं भरला होता तो. या गावात तो रंग फारसा कुणी मागायचं नाही, आणि त्याला कारण चाँदपाशाच होता.

"लाल?" तो म्हणाला.

"व्हय, लाल. मला लहानपणापासून आवडतो." ती पुन्हा खाली बसली आणि चहाची बशी तोंडाला लावली. "घ्या मापायला."

चाँदपाशानं ताग्यावरची धूळ झटकली, लाल कापड जमिनीवर उलगडलं आणि हातानं मापायला लागला.